कोर्टाच्या पायऱ्या उतरून

आईबापानं घेतलेल्या पैशांपोटी मुलाची मेहनत गहाण ठेवता येणार नाही, असा कायदा या देशात १९३३ साली झाला. पंधरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा करार केला तर तो मुळातच रद्द. करार करणाऱ्या पालकाला पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि अशा मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाला दोनशे रुपयांपर्यंत. इंग्रजांच्या राज्यातला हा कायदा चार ओळींत कुणालाही समजावा इतका सोपा होता.

त्यानंतर तब्बल बारा वर्षांनीही ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, तेव्हाच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत, लग्नासाठी सावकाराकडून थोडेफार पैसे घेतलेला वारली तरुण जन्मभरासाठी ‘लग्नगडी’ होत होता. त्याच्यामागून त्याची बायको मालकाच्या घरी राबायची आणि पोर चालायला लागलं की मालकाची गुरं त्याच्या हवाली व्हायची. कर्ज फिटलं की नाही हे मालकाची वही सांगायची, आणि वही वाचता येणारं त्या घरात कुणी नव्हतं. १९३३ चा कायदा तिथवर पोचलाच नव्हता.

कायदा मुलापर्यंत आपल्या पायांनी जात नाही, त्याला कुणीतरी घेऊन जावं लागतं. हे काम करायला कायदा शिकलेली काही माणसं कोर्टाकडे पाठ करून रानात उतरली. त्यातल्या दोघांच्या खुणा शहापूर तालुक्यातल्या वाशिंदच्या दोन बाजूंना आहेत. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल वाशिंदला पोचण्याआधी खडवलीला थांबते आणि त्याही आधी टिटवाळ्याला. गणपतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. ती भरवण्यात पुढे होत्या कायद्याच्या पदवीधर गोदावरी परुळेकर. दुसऱ्या बाजूला, मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथं गोळ्या झेलून पडलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, हेही वकील.

गोदावरी गोखले पुण्याच्या. वडील नामांकित वकील आणि राजकारणात नेमस्त. मुलीनं फर्ग्युसनमध्ये शिक्षण घेतलं, पुढे कायद्याची पदवी मिळवली. महाराष्ट्रात ही पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. घरात वकिली, हातात पदवी, पुण्यात ओळखी असं सगळं असताना पुढचा रस्ता आखलेलाच होता. पण १९३२ च्या कायदेभंगात त्या तुरुंगात गेल्या. नेमस्त वडिलांना ते रुचलं नाही. मग त्या मुंबईला आल्या आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात, तिथल्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य म्हणून दाखल झाल्या. मुंबईत साक्षरतेचे वर्ग चालवणं आणि घरगड्यांना संघटित करणं ही त्यांची पहिली कामं. १९३९ मध्ये त्यांनी शामराव परुळेकरांशी लग्न केलं. शामरावही कायदा शिकलेले, भारत सेवक समाजातले, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेलेले. पुढे दोघांनी कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली आणि महायुद्धाच्या काळात दोघंही तुरुंगात जाऊन आले.

त्यांच्या राजकारणाशी कुणाचे कितीही मतभेद असोत, टिटवाळ्याच्या परिषदेला आलेल्या मूठभर वारल्यांमुळे पुढे जे घडलं त्याचं मोल कमी होत नाही. उंबरगावकडून आलेल्या त्या माणसांत माह्या धांगडा होते. शेतकऱ्यांच्या सभेत शेतकऱ्यांहून वाईट हाल सोसणारी माणसं उभी राहिली आणि वेठ म्हणजे काय ते सांगू लागली. कुळांच्या खंडाविषयी बोलायला जमलेल्या परिषदेला त्या दिवशी वेगळंच काही ऐकायला मिळालं. त्यानंतर गोदावरीबाई वारल्यांच्या मुलखात गेल्या. २३ मे १९४५ ला झरी गावी आदिवासींची सभा भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही आणि बारा आणे रोजाशिवाय कामाला हात लावायचा नाही, असं तिथं ठरलं. मग तरुणांचे गट गावोगाव फिरून लग्नगड्यांना मालकांच्या वाड्यांतून बाहेर घेऊन आले. कागदावर केव्हाच बेकायदा ठरलेली गोष्ट काही आठवड्यांत प्रत्यक्षात मोडली. त्यासाठी कुणी दावा लावला नव्हता.

जमीनदारांनी ते मुकाट्यानं घेतलं नाही. १० ऑक्टोबर १९४५ च्या सुमाराला तलवाड्याजवळ मोठ्या संख्येनं वारली जमले. गोदाराणीच्या सभेला जायचं आहे आणि तिच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी पेरली गेली होती. ‘गोदाराणी’ हे नाव वारल्यांनीच दिलेलं. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मेले. जेठ्या गांगड त्यांतले एक. गोळीबार होऊनही लोक जागेवरून हलेनात, कारण आपण हललो तर बाईचा जीव जाईल असं त्यांना वाटत होतं. वकिली शिकलेल्या एका पुणेरी बाईसाठी अक्षरओळख नसलेली माणसं मरायला तयार झाली, यामागे मागच्या काही महिन्यांची पायपीट होती.

ही सगळी कहाणी गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० मध्ये ते आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांनी ते बहुतेक करून लढ्याचं पुस्तक म्हणूनच वाचलं. खरं तर ते मुलांच्या बाजूनंही वाचायला हवं. लग्नगड्याची गुलामी एका माणसावर थांबत नव्हती, ती पुढच्या पिढीला वारशात मिळत होती, आणि बापाच्या कर्जाचं ओझं प्रत्यक्षात वाहायचं ते पोरांनाच. वेठ संपवली की मूल मोकळं होतं, पण मोकळ्या झालेल्या मुलानं जायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर तलासरीत आदिवासी प्रगती मंडळाच्या रूपानं उभं राहिलं. मुलांसाठी वसतिगृह, शाळा आणि कालांतरानं महाविद्यालयही. ते महाविद्यालय आज गोदावरी शामराव परुळेकर यांच्याच नावानं चालतं. बाई १९९६ मध्ये गेल्या.

भाई कोतवालांना इतकी वर्षं मिळाली नाहीत.

१ डिसेंबर १९१२ ला माथेरानला जन्म, घर न्हाव्याचं. साहेब लोकांच्या त्या गारव्याच्या गावात डोंगराखालून ओझी वर वाहणाऱ्यांची, हातरिक्षा ओढणाऱ्यांची आणि घोडी वळणाऱ्यांची पोरं कशी वाढतात हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे पुण्या-मुंबईत शिकून ते वकील झाले. १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. न्हाव्याच्या घरातला मुलगा वकील होऊन नगरपालिकेत बसतो, एवढ्यावरसुद्धा त्या काळात एखाद्याचं आयुष्य सार्थकी लागलं असतं. कोतवालांनी ती पदवी डोंगराखालच्या शेतकऱ्यांसाठी वापरली. कर्जतच्या परिसरात सावकारीत अडकलेल्यांचे कज्जे ते पाहत. पावसाळ्यात दाणा संपला की लोक सावकाराच्या दारात जातात आणि तिथून गुलामी सुरू होते, हे ओळखून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. सुगीत धान्य जमा करायचं आणि नडीला न्यायचं, अशी व्यवस्था. आणि त्याच भागात स्वयंसेवी शाळा उघडल्या. त्यांची संख्या चाळीसच्या वर गेल्याचं सांगतात.

धान्यकोठी आणि शाळा यांना एकत्र पाहिल्याशिवाय कोतवालांची खरी बुद्धी कळत नाही. पोर शाळेत का येत नाही याची कारणं त्या काळचे बहुतेक शहरी सुधारक अज्ञानात शोधत. कोतवालांना ती कणगीत सापडली. घरात दाणा असेल तर पोराला गुरांमागे धाडावं लागत नाही आणि सावकाराकडे ठेवावंही लागत नाही. कोठी भरल्याशिवाय शाळा भरणार नाही, हे त्यांना वयाच्या तिशीआधी उमगलं होतं. कर्जत, मुरबाड, शहापूर या सगळ्या पट्ट्यात ते आजही तितकंच खरं आहे.

ऑगस्ट १९४२ च्या ‘भारत छोडो’ हाकेनंतर कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं सह्याद्रीतल्या वीजकेंद्रांतून मुंबईला जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अकरा मनोरे जमिनीवर आले. त्याचा फटका मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला बसला. सरकारनं डोक्यावर इनाम लावलं. शेवटी फितुरी झाली आणि सिद्धगडाच्या जंगलातल्या मुक्कामाला पोलिसांनी पहाटे वेढा घातला. त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथंच पडले आणि जखमी कोतवालांना पोलीस अधिकारी हॉल यानं गोळी घातली. वय होतं तीस. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात, भाषणं होतात, शाळांची मुलं येतात. भाषणांत मनोऱ्यांचा उल्लेख नेहमी येतो, शाळांचा क्वचित. तो यायला हवा, कारण समोर बसलेल्या मुलांच्या पणज्यांना अक्षर दाखवू पाहणारा माणूस हाच होता.

कायदा आणि मूल यांची गाठ घालणारी आणखी एक स्त्री याच महाराष्ट्रात जन्मली, तिचं नाव इथं घ्यायला हवं. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या, जन्म १८६६ चा, घराणं पारशी वंशाचं आणि ख्रिस्ती धर्माचं. ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, पण स्त्री म्हणून कोर्टात उभं राहण्याची परवानगी मिळेना. ती मिळायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. तोवर, १९०४ पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामात होत्या. जमीनदारांच्या पडदानशीन विधवा आणि बापामागे उरलेली अल्पवयीन वारस मुलं यांची बाजू त्या सांभाळत. ज्यांच्या इस्टेटीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशा मुलांसाठी सरकारनं एक स्वतंत्र यंत्रणा उभारली होती, याचं कौतुक करताना एक गोष्ट खटकते. मालमत्ता असलेल्या पोरक्या मुलाला पालक म्हणून कोर्ट होतं. कर्जाखेरीज वारशात काहीच न मिळालेल्या लग्नगड्याच्या पोराला कुणीच नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी कोर्टाबाहेर यावं लागलं.

वारल्यांच्या लढ्याच्याच वर्षी, १९४५ साली, ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. दलित आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर ज्या नावानं चालते ती अंगणवाडी इथली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात, गुरं चरतायत, मुलं शिकतायत. या दोघी वकील नव्हत्या. पण वकिलांना जिथं कायद्यानं पोचता आलं नाही तिथं त्या गाणी, गोष्टी, नाच आणि रानातल्या पानाफुलांच्या आधारानं पोचल्या. नाव विचारलं की मान खाली घालणारं पोर घोळक्यातल्या गाण्यात आवाज मिसळतं. एकदा मिसळला की तो आवाज दुसऱ्या दिवशी प्रश्नाचं उत्तर द्यायलाही निघतो. पाड्यावर शिकवलेल्या कुणाही बाईंनी हे अनुभवलेलं असतं.

सामूहिक गाण्याची ही ताकद आपल्याकडे भजनाला आणि हरिपाठाला ठाऊक आहे. शहापूर-मुरबाडच्या गावांत संध्याकाळी टाळ वाजू लागले की जमीनवाला आणि मजूर एकाच ओळीत उभे राहतात. अमेरिकेतल्या काळ्या समाजाला ही ताकद चर्चमधल्या गॉस्पेल गायनात सापडली. गॉस्पेल म्हणजे बायबलमधली शुभवार्ता. गुलामगिरीतून आलेल्या गाण्यांत ब्लूजचा ठेका मिसळून हे संगीत विसाव्या शतकात आकाराला आलं. शिकागोच्या थॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या दशकात चर्चांमधून असे गायकवृंद उभे केले. पुढारी एक ओळ टाकतो, वृंद ती उचलतो, सगळं चर्च टाळ्यांनी साथ देतं. कीर्तनात टाळकरी बुवांचं पद उचलून धरतात त्याच्याशी याचं नातं कुणालाही ओळखू येईल.

वारली लढ्याशी या गाण्यांचा एक योग जुळून येतो. १९४५ च्या ऑक्टोबरातच, तलवाड्याचा गोळीबार झाला त्याच महिन्यात, अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात तंबाखू कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. त्यांत काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. संपाच्या फेऱ्यांत त्या चर्चमधलं एक जुनं गाणं आपल्या मागण्यांसाठी गाऊ लागल्या. त्या गाण्याचं मूळ फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांच्या एका भजनात असल्याचं सांगतात. तिथून ते झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे आणि त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर यांच्याकडे गेलं, आणि साठच्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीचं गीत झालं. कवी गिरिजाकुमार माथुर यांनी त्याला हिंदी रूप दिलं. ते हिंदी रूप म्हणजे ‘हम होंगे कामयाब’. वाशिंदच्या काय किंवा टोकावड्याच्या काय, जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत ते पोरांना पाठ असतं. काळ्या चर्चचं भजन ठाकर-कातकऱ्यांची मुलं परिपाठाला गातात.

या गाण्यांचा, मुलांचा आणि वकिलांचा संबंध अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात सगळ्यात ठसठशीत दिसला. तिथल्या चळवळीचा एक गायकवृंद होता आणि कार्लटन रीस हे त्याचे दिग्दर्शक. २ मे १९६३ ला सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून शाळकरी मुलं गात गात बाहेर पडली. पहिल्याच दिवशी शेकडो मुलं पकडली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे सोडले गेले आणि कुत्री घातली गेली. ती चित्रं जगभर छापली गेली. मग शाळाखात्यानं हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेतून काढलं. गाण्यानं मुलांना रस्त्यावर आणलं होतं, पण शाळेत परत न्यायला कायदाच लागला. कॉन्स्टन्स बेकर मोटली या वकील बाईंनी अपील कोर्टात दाद मागितली आणि मे महिना सरायच्या आत मुलं वर्गात परतली.

याच चळवळीतून मरियन राइट एडेलमन पुढे आल्या. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी, येलमध्ये कायदा शिकलेली, मिसिसिपीत वकिलीची सनद मिळवणारी पहिली काळी स्त्री. मिसिसिपीत हक्कांचे खटले लढवता लढवता त्यांच्या लक्षात आलं, की मताचा हक्क मिळालेल्या घरातलं मूल उपाशीच आहे. १९६७ मध्ये त्यांनी सिनेटर रॉबर्ट केनेडींना मिसिसिपीतल्या झोपड्यांमधून फिरवून भुकेली मुलं दाखवली, आणि १९७३ मध्ये फक्त मुलांसाठी काम करणारी संस्था काढली, चिल्ड्रन्स डिफेन्स फंड. कोतवालांनी कर्जतला जे कणगीत पाहिलं, तेच एडेलमनबाईंनी मिसिसिपीच्या चुलीवर पाहिलं.

आता वाशिंदकडे. भातसा नदी, रेल्वे, मुंबई-नाशिक महामार्ग आणि कारखाने यांनी वाशिंदचं शहरीकरण केव्हाच सुरू केलंय. शहर वाढतं तशी वीट लागते. शहापूर, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांच्या या पट्ट्यात दिवाळी उलटली की वीटभट्ट्या सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. कातकरी, वारली, ठाकर कुटुंबं तिथं बिऱ्हाडासकट येतात. पावसाळ्यात कामं नसतात, घरात दुखणं किंवा लग्न निघतं, तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर ती कामातून फेडायची. दर आठवड्याला हातात येते ती खर्ची, तेल-मीठ-तांदळापुरती. हिशेब हंगामाच्या शेवटी. हिशेबात काही उरलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

मजुरी असते हजार विटांमागे, नवराबायकोच्या जोडीला. या पद्धतीतच मूल नाहीसं होतं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा ओल्या विटा पालथ्या करतो, वाळलेल्या उचलून रचतो, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन पाणी आणतो. त्याच्या हातच्या विटा आईबापाच्या हजारात मोजल्या जातात. हजेरीवर त्याचं नाव नाही, मजुरीत त्याचा वाटा नाही आणि गावच्या शाळेच्या पटावर तो ‘गैरहजर’. भट्टीमालकाला विचारलं तर तो म्हणतो, आईबापाला मदत करतंय पोरगं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली तेव्हा कुटुंबाच्या स्वतःच्या उद्योगात शाळेबाहेरच्या वेळी मुलानं हातभार लावायला सूट ठेवली गेली. तिचा आधार भट्टीवर घेता येत नाही, कारण भट्टी काही त्या कुटुंबाची नसते. पण हे मालकाला सांगणारा माणूस तिथं हजर हवा.

असं सांगणारं कुणी नसलं की काय होतं ते सप्टेंबर २०२२ मध्ये कसारा घाटाच्या पलीकडे, इगतपुरी तालुक्यात दिसलं. एका दहा वर्षांच्या कातकरी मुलीचा मृत्यू झाला. ती मेंढपाळाकडे कामाला ठेवलेली होती. चौकशी झाली तशी त्या वस्तीतली आणखीही मुलं अशीच दिलेली असल्याचं बाहेर आलं. बदल्यात घरच्यांना मिळालं होतं एखादं मेंढरू आणि थोडे पैसे. वेठबिगारांसाठी काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेनं हा प्रश्न लावून धरला, गुन्हे दाखल झाले, मुलं परत आणली गेली. १९३३ च्या कायद्यानं नेमकं हेच बंद केलं होतं आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं ते पुन्हा, अधिक कडक शिक्षेसह, बंद केलं होतं.

१९७६ चा हा कायदा मुळात फार जोरकस आहे, आणि तो गरिबाच्या बाजूनं लिहिलेला आहे. वेठबिगारीशी जोडलेलं कर्ज त्या कायद्यानं संपूनच जातं. ते कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर, मजुरावर नाही. जिल्हाधिकाऱ्यांवर अंमलबजावणीची जबाबदारी आहे आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या असायला हव्यात. सक्तीनं करून घेतलेल्या कामाच्या मुळाशी उचल आहे आणि ते वेठीचं आहे असंच आधी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितलं. अडचण पुढे येते. २०१६ च्या केंद्राच्या पुनर्वसन योजनेत सुटका झालेल्या मुलासाठी दोन लाखांची तरतूद आहे, पण ती रक्कम मुख्यतः आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. खटले वर्षानुवर्षं चालतात आणि मूल तोवर मोठं होतं. योजनेतली ही गाठ सोडवली पाहिजे.

भट्टीवरच्या मुलांसाठी या जिल्ह्यातला सगळ्यात नेमका प्रयोग झाला तो भोंगा शाळेचा. भट्टीशेजारी मजूर जी झोपडी उभारतात ती भोंगा. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेमार्फत १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सोडवले. सुटलेल्या कुटुंबांची मुलं भट्टीच्या हंगामात पुन्हा शाळेबाहेर पडतात हे पाहून १९९० च्या दशकात त्यांनी भट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. भोंग्यातच वर्ग, मजुरांच्या वेळा बघून तास, सुरुवातीला गाणी आणि खेळ. कोसबाडची कुरणशाळा आणि ही भोंगा शाळा, दोन्हींत शाळेनं मुलाकडे चालत जायचं होतं. १९९९ मध्ये पंडित दांपत्याच्या कामाला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. भट्टीवर आलेल्या मुलाला जवळच्या शाळेनं कधीही दाखल करून घ्यायचं, दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही, असं तो सांगतो. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी राज्यानं शिक्षण हमी कार्ड आणलं, म्हणजे गावच्या शाळेनं दिलेल्या कार्डावर मूल दुसऱ्या शाळेत बसतं आणि परतल्यावर त्याचं वर्ष बुडत नाही. हंगामी वसतिगृहांची सोयही आहे, आईबाप भट्टीवर आणि मूल गावात आपल्याच शाळेत. हे कार्ड भरून देणारे, दिवाळीआधी पाड्यावर जाऊन कोण कोण निघालंय याची यादी करणारे शिक्षक शहापूर-मुरबाडमध्ये आहेत. त्यांच्यावर इतर कामांचं ओझं कमी असतं तर हे आणखी नीट झालं असतं.

आणि वकील? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मुलांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि साध्या कागदावरचा अर्जही चालतो. कातकरी मूल या तिन्हींपैकी किमान दोन रकान्यांत बसतं. समितीचे विधी स्वयंसेवक गावांत शिबिरं घेतात. शिबिर मात्र बहुधा ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेत भरतं, आणि नोव्हेंबर ते मे या काळात ज्यांना त्याची सगळ्यात गरज असते ती माणसं भट्टीवर असतात. शिबिर रविवारी भट्टीवरच घेतलं, सोबत गटविकास अधिकाऱ्यांचा माणूस आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका नेल्या, तर एका दिवसात मुलांची नावं पटावर चढतील, उचलीचा हिशेब वहीत पाहता येईल आणि ज्यांना गरज आहे त्यांचे अर्ज तिथंच लिहून होतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. तालुक्याच्या बार असोसिएशनमधल्या तरुण वकिलांनी वर्षातले चार रविवार दिले तरी सुरुवात होते. मुलाला मारहाण होतेय किंवा त्याला डांबून ठेवलंय असं कुणाच्या नजरेला आलं, तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि त्याचं नाव गुप्त राहतं.